पट्ट्यातला नारळ

आजच्या या हृद्य समारंभाचे अध्यक्ष आदरणीय त्र्यंबकराव, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आपल्या जुने मोटारमालक मंडळाचे कार्यवाह तानाजीराव, आजचे सत्कारमूर्ती, कळव्याचे श्रीयुत गुणाजी तांडेल, आणि आपापल्या गाड्या बाहेर लावून, हँडब्रेक ओढलाय की नाही या शंकेने मधूनमधून खिडकीबाहेर पाहणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

तानाजीरावांनी मला सांगितलंय, "मास्तर, थोडक्यात बोला." आता ज्या माणसाने हयातभर शाळेत मराठी शिकवलं, त्याला थोडक्यात बोलायला सांगणं म्हणजे गुणाजींना हळू बोलायला सांगण्यासारखं आहे. दोन्ही होणार नाही. तेव्हा घड्याळाकडे पाहू नका.

माझं नाव मार्सेल गोन्साल्विस. मूळचा वसईकडचा, पण नोकरीमुळे ठाणेकर झालो तो कायमचाच. याच वर्तकनगरात राहतो. नव्या सभासदांना माझ्या नावापेक्षा माझी गाडी जास्त माहीत असेल. बाहेर वडाखाली उभी आहे ती फिकट निळी फियाट, त्रेसष्ट सालची. मी ती त्र्याऐंशी साली घेतली, तेव्हाच ती विशीत होती. आज सन एकोणीसशे नव्व्याण्णव चालू आहे. हिशेब तुम्ही करा, मला तिचं वय काढलेलं आवडत नाही.

आठवतात का हो ते दिवस? आपल्या गाड्यांना डाव्या बाजूला आरसा नसायचा. डावीकडून कोणी येईल ही कल्पनाच आपल्याला नव्हती. डॅशबोर्ड लोखंडी. डोकं टेकायला मागे काही नाही. आणि पट्टा? पट्टा म्हणजे पँटचा. पुढच्या एकसलग सीटवर तिघे-चौघे, मांडीवर पोर, पायाशी जेवणाचा डबा, मागे पाहुणे. गाडीचा दरवाजा लागला की सुरक्षेची सगळी व्यवस्था झाली असं आपण समजत होतो. आणि तरी किती सुखात होतो! घोडबंदर रस्त्याला दोन्ही बाजूंना झाडी होती, संध्याकाळी काचा खाली केल्या की खाडीचा वास यायचा, आणि समोरून गाडी आली तर दोघेही थांबून एकमेकांची चौकशी करायचे. मला विचाराल तर त्या रस्त्याची आठवण मला अजून छळते.

पण आजचा विषय गुणाजी आहेत.

कळव्याच्या नाक्यावर पत्र्याच्या शेडमधलं त्यांचं सीट-कव्हरचं दुकान आपल्यातल्या कोणाला माहीत नाही? बाहेर रेक्झिनचे रोल उभे, आत शिलाई मशीन, आणि मशीनच्या आवाजावर ताण करणारा गुणाजींचा आवाज. कोळीवाड्यातल्या माणसाचा आवाज या होडीवरून त्या होडीवर पोचावा लागतो, हे मला मान्य आहे. पण समोर फुटाभरावर बसलेल्या गिऱ्हाइकाशी तोच आवाज लावायची काय गरज? (हसू नका गुणाजी, मी गंभीरपणे विचारतोय.) शिवाय स्वभाव भांडकुदळ. मी एकदा तपकिरी रेक्झिन मागितलं, तर म्हणाले, "मास्तर, गाडी तुमची, पन सीट माझी. निळ्या गाडीत तपकिरी सीट मी लावनार नाय." नाहीच लावलं. मी मुकाट्याने त्यांच्या पसंतीच्या करड्या सीटवर बसून घरी गेलो. आणि सीट अशी झाली होती म्हणता! त्यांना स्वतःच्या सीटचा गर्व होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. "हत्ती बसला तरी हलनार नाय," हे त्यांचं पालुपद.

आता जे सांगणार आहे ते सांगू की नको, असं दोन दिवस माझ्या मनात चाललं होतं. सौभाग्यवतींची परवानगी घेतली आहे. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. अ‍ॅग्नेस, मी जास्त बोलायला लागलो तर खूण कर.

सत्त्याऐंशी साल. नाताळच्या आधीची दुपार. आम्ही तिघे माजिवड्याकडून घरी येत होतो. आमची जुलिया तेव्हा पाच वर्षांची, आईच्या मांडीवर, पुढे. लहान मुलाची मानाची जागा तीच असायची, सगळ्यांकडेच. तबेल्यातली एक म्हैस अचानक आडवी आली. मी ब्रेक दाबला. गाडी काही जोरात नव्हती, थांबलीसुद्धा. म्हैस आमच्याकडे एकदा बघून चालती झाली. पण जुलिया आईच्या हातातून सुटून डॅशबोर्डवर आपटली होती. कपाळ फुटलं, टाके पडले, नवीन वर्ष उजाडेपर्यंत पोर पुन्हा उड्या मारायला लागली. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. मीही तसंच म्हणालो आणि विषय संपला असं समजलो.

अ‍ॅग्नेस मात्र त्यानंतर गाडीत बसेना.

कारण विचारलं तर सांगत नसे. भांडत नसे, रडत नसे. नुसतं, "मी एस.टी.ने येते." आणि जुलियाला गाडीत सोडायलाही तयार नाही. मंडळी, डोळ्यांसमोर चित्र आणा. वसईला माहेरचा सण. ठाण्याहून एस.टी. सुटते, त्यात आई आणि लेक. आणि त्या एस.टी.च्या मागे, तिचा धूर खात, रिकाम्या फियाटमध्ये एकटा मी! एस.टी. थांब्यावर थांबली की मीही थांबायचो. मागच्या खिडकीतून जुलिया मला हात करायची. एकदा तिने काच सरकवून ओरडून विचारलं, "पप्पा, मी तुमच्याकडे कधी येऊ?" सगळी एस.टी. माझ्याकडे वळून बघायला लागली. लोकांना वाटलं असेल, या नवरा-बायकोचं फाटलंय. असं दोनेक वर्षं चाललं. हसत होतो मी वरवर, पण आतून घर थंड पडत चाललं होतं. गाडी विकून टाकावी इथपर्यंत आलो होतो.

विकण्यापूर्वी सीटची उसवलेली शिवण नीट करून घ्यावी म्हणून कळव्याला गेलो. गुणाजींनी कारण विचारलं, मी सांगितलं. पाच-दहा मिनिटं मला आणि म्हशीच्या मालकाला सारख्याच शिव्या घातल्या. मग म्हणाले, "विमानात पट्टा असतो ना? मंग फियाटीत कनाला नाय?"

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? आज नव्या गाड्यांना पट्टे कारखान्यातूनच येतात. आणि आपले लोक काय करतात? गुणाजींकडे येऊन सांगतात, कव्हर असं शिवा की तो पट्टा खाली झाकला जाईल, शोभा जाते! गुणाजी अशा माणसाला दुकानाची पायरी दाखवतात, ते मी पाहिलंय. पण मी सांगतोय तो एकोणनव्वदचा काळ. तेव्हा जुन्या फियाटला पट्टा लावून देणारा मला तरी कोणी ठाऊक नव्हता. मुंबईच्या भंगारातून एका परदेशी गाडीचे पट्टे गुणाजींनी शोधून आणले. ओढून पाहिले, कुठे विरलेत का ते उन्हात धरून पाहिले, आणि बसवले.

आणि बसवून झाल्यावर म्हणाले, "बायला घेऊन या. तिच्या डोल्यांसमोर नारल लावतो."

नारळ लावणं म्हणजे काय, हे आपल्या मंडळात आता कोणाला सांगायला नको, पण पाहुण्यांसाठी सांगतो. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात आणि मगच होड्या पाण्यात लोटतात. गुणाजींचं म्हणणं, पट्ट्याचीही तशीच पूजा व्हायला हवी. त्यांनी जाड कॅनव्हासची पिशवी शिवली, जुलियाच्या वजनाएवढी रेती तिच्यात भरली आणि वर डोक्याच्या जागी एक नारळ असा सुबक शिवून बसवला की बाहुलाच तयार झाला. तो बाहुला सीटवर बांधायचा, गाडी पळवायची, ब्रेक मारायचा. नारळ जागेवर राहिला तर पट्टा पास.

अ‍ॅग्नेस यायला तयार नव्हती. जुलियाने बाहुला बघायचा हट्ट धरला म्हणून आली. एस.टी.ने नव्हे, यावेळी रिक्षाने. रविवारची सकाळ, खारीगावचा मोकळा रस्ता. ही बातमी कळव्यात अशी पसरली की बघायला गर्दी. गुणाजींच्या आई आवडाबाई मासळी विकून येताना टोपलीसकट थांबल्या. पट्टा बघून त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "गुण्या, जित्या मानसाला कोन बांधून नेतं रं? बांधतान ते मेल्यावर!"

झालं! निम्मी गर्दी त्यांच्या बाजूची झाली. आणि खरं सांगायचं तर म्हातारीचं काय चुकलं होतं? माणसाला आडवं बांधून नेतात तो प्रवास एकच, हे तिने आयुष्यभर पाहिलेलं. गुणाजी आईवर खेकसले आणि स्वतः गाडीत बसले. गाडी निघाली, वेगात आली, आमच्यासमोर येऊन त्यांनी कचकन ब्रेक मारला.

पट्टा तुटला नाही. गाठ सुटली नाही. पण गुणाजींनी तो पट्टा बांधला होता कशाला? सीटला! सीटवाला माणूस, त्याचा सगळा भरोसा सीटवर. ती हत्तीला न हलणारी सीट पट्ट्यासकट, बाहुल्यासकट खाचेतून निखळली आणि पुढे गेली. नारळ डॅशबोर्डवर फुटला, पाणी काचेवर उडालं, आणि आत स्टिअरिंगला धरून बसलेले गुणाजी चिंब. अख्खा रस्ता हसायला लागला. मीही हसलो. हसण्यासारखंच होतं ते.

आणि मग माझं लक्ष अ‍ॅग्नेसकडे गेलं.

ती रस्त्याच्या कडेला उभी होती. दोन्ही हात पुढे, ताठ. तळवे उघडे. तिच्या तोंडून "धरा तिला" असं निघालं होतं, ते मला नंतर कळलं. हात तसेच होते, खाली येत नव्हते. जुलिया तिच्या पदराला धरून शेजारीच उभी होती, पण अ‍ॅग्नेसला ती दिसत नव्हती. आवडाबाईंनी टोपली खाली ठेवली आणि तिचे हात धरले. तेव्हा अ‍ॅग्नेस त्यांना म्हणाली, "मी धरलं होतं हो. अगदी घट्ट धरलं होतं. तरी सुटली."

मंडळी, दोन वर्षं मला वाटत होतं की बायको गाडीला घाबरते. कधी वाटायचं माझ्या गाडी चालवण्याला घाबरते. ती स्वतःच्या हातांना घाबरली होती. आईचे हात, आणि त्यांच्यातून लेकरू सुटलं. याचा धाक डॉक्टरांच्या टाक्यांनी कसा जाणार? हे मला कळलं ते तिथे, खारीगावच्या रस्त्यावर, नारळाचं पाणी ठिबकणाऱ्या गाडीसमोर.

त्या दिवशी गुणाजी काही बोलले नाहीत. तुम्ही त्यांना ओळखता, तेव्हा ही किती मोठी गोष्ट आहे ते तुम्हाला कळेल. गाडी ढकलत दुकानात नेली. आणि दुसऱ्या दिवशी स्वतः शिवलेली, स्वतः मिरवलेली ती सीट त्यांनी उचलून बाहेर ठेवली आणि गाडीचा तळ उघडा केला. तळ गंजलेला! त्यांचे थोरले भाऊ महिपत होड्यांना लोखंडी कड्या बसवायचे. त्यांना बोलावून आणलं. दोघा भावांनी गंज कापून काढला, खालून जाड पोलादी पट्ट्या जोडल्या, आणि पट्टे थेट गाडीच्या अंगाला अडकवले. पुढच्या सीटवर तिघांसाठी तीन. महिपत मला हळूच म्हणाले, "मास्तर, जन्मात पयल्यांदा हा बोलला, सीटवर भरोसा नको." ते ऐकून मला गुणाजींबद्दल जो आदर वाटला, तो आजतागायत उतरलेला नाही. स्वतःच्या कलेवरचा गर्व असा बाजूला काढून ठेवायला छाती लागते हो.

पुन्हा रविवार, पुन्हा तोच रस्ता, नवा नारळ. कचकन ब्रेक. नारळ जागेवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अ‍ॅग्नेस म्हणाली, "पुन्हा करा." पुन्हा केलं. "अजून एकदा." गुणाजींनी अजून एकदा केलं. मग तिने स्वतः दार उघडलं, बाहुल्याला धरून हलवलं, ओढलं, त्या पट्ट्याशी जणू भांडली. बाहुला हलला नाही. तरी तिचं पाऊल आत पडेना, आणि जुलियाला ती पुढे करेना.

तेव्हा आवडाबाई पुढे आल्या. त्याच, बांधतात ते मेल्यावर म्हणणाऱ्या. लुगड्याचा काचा आवळून सीटवर चढून बसल्या आणि लेकाला म्हणाल्या, "आधी मना बांध. पोरीला मागून. माझं काय, मना एक दिवस बांधायचंच हाय."

रस्त्यावर कोणी हसलं नाही. गुणाजींनी आईला पट्टा लावला. गाडी गेली, वळली, आली. ब्रेक लागला, म्हातारी जरा पुढे झुकली आणि परत मागे टेकली. उतरल्यावर अ‍ॅग्नेसने विचारलं, "कसं वाटलं, आवडाबाय?"

"पोटाला आवलतं जरा," आवडाबाई म्हणाल्या. "पन बरं वाटतं गो. कोनीतरी धरल्यावानी."

यावर अ‍ॅग्नेसने काय केलं, तर जुलियाला उचलून मधल्या जागेवर बसवलं, पट्टा लावला, आणि स्वतः शेजारी बसली. मी चालवायला बसलो. आम्ही तिघे गाडीतून घरी गेलो. आणि पुढच्या सणाला वसईला निघालो तेव्हा ठाण्याची एस.टी. आमच्या मागे होती!

आवडाबाई जाऊन आता चार वर्षं झाली. त्या दिवशी मी कोळीवाड्यात होतो. तिरडीच्या गाठी गुणाजींनी कोणाला मारू दिल्या नाहीत. सगळ्या स्वतः मारल्या. गुणाजी, क्षमा करा, हे बोलायचं ठरवलं नव्हतं.

त्यानंतरचा इतिहास तुम्हा सर्वांचाच आहे. कळव्याहून बातमी कल्याणला गेली, कल्याणहून डोंबिवलीला. रविवारी खारीगावच्या रस्त्यावर ॲम्बॅसेडर, हेराल्ड, स्टँडर्ड रांगेत उभ्या राहायला लागल्या. नारळवाल्याने तिथेच हातगाडी लावली. पट्ट्यांपाठोपाठ डावे आरसे आले, डोकं टेकायच्या उशा आल्या. तानाजीरावांच्या ॲम्बॅसेडरला त्या इतक्या उंच झाल्या की मागे बसलेल्या सासूबाईंना पुढचा रस्ता दिसेना, आणि तानाजीरावांनी त्या तशाच ठेवल्या. याच रविवारांतून आपलं हे मंडळ उभं राहिलं. किती डबे उघडले आपण त्या रस्त्याकडेला! पास झालेला नारळ घरच्या बाईच्या हातात द्यायचा ही रीत गुणाजींचीच. आमच्या नारळाची त्या दिवशी आमटी झाली आणि आवडाबाईंची पापलेटं तिच्यात पडली. ती चव पुन्हा नाही लागली.

आज खारीगावला तो मोकळा रस्ता राहिलेला नाही, इमारती झाल्या. गुणाजींच्या डोळ्यांना आता सुई दिसत नाही. दुकान बंद करून ते लेकीकडे, अर्नाळ्याला चाललेत. आपल्या गाड्याही एकेक करून जातील. हे सगळं जाणार याचं मला वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही.

आता मुख्य सांगतो. अ‍ॅग्नेस गाडीत बसायला लागली, पण तिचा उजवा हात काही ऐकेना. मी ब्रेकला नुसता पाय लावला, तरी तो हात फटकन मध्ये, जुलियाच्या छातीवर. पट्टा होता, तरीही. वर्षामागून वर्षं. जुलिया शाळेत होती तेव्हाही, कॉलेजात गेली तेव्हाही. "आई, अगं लागतं मला, मी काय लहान आहे?" असं ती ओरडायची, आणि अ‍ॅग्नेस ओशाळून हात मागे घ्यायची, पुढच्या सिग्नलपर्यंत.

गेल्या महिन्यात आम्ही तिघे गाडीत असताना तीन हात नाक्यावर एक रिक्षा मध्ये घुसली. मी जोरात ब्रेक मारला. गाडी थांबली, मी रिक्षावाल्याला चार शब्द सुनावले, आम्ही घरी आलो. संध्याकाळी चहा करता करता अ‍ॅग्नेस स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात गाळणं तसंच. माझ्यासमोर खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मार्सेल, आज माझा हात पुढे गेला नाही."

आणि रडायला लागली. बारा वर्षांनी.

माझ्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, सत्कारमूर्तींच्या आवाजाची थट्टा जास्त झाली असेल, तानाजीरावांच्या सासूबाईंचा उल्लेख नको होता असं कोणाला वाटलं असेल, तर म्हाताऱ्या मास्तरची बडबड समजून पोटात घाला. अध्यक्ष महाराजांनी मला मध्येच थांबवलं नाही, याबद्दल त्यांचे आभार. हे सभागृह दिलं त्यांचे, चहा करणाऱ्यांचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचेही आभार.

गुणाजी, शाल आपल्याला अध्यक्ष घालतील. श्रीफळ मात्र अ‍ॅग्नेस देणार आहे. ती म्हणाली, ते मी माझ्या हातांनी देईन.